सोलापूरच्या थंडीत कोबी-फ्लॉवर बसवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात अर्धा गुंठा मोकळा प्लॉट आहे, माती काळी आहे, पाणी बोअरचं. गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला बाजारातून रोपं आणून कोबी आणि फ्लॉवर लावला. फ्लॉवर लिंबाएवढा होऊन थांबला आणि कोबीच्या पानांना भोकंच भोकं पडली. तुमचे मेव्हणे इंग्लंडात वर्षाच्या भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर हीच पिकं घेतात. लावणीआधी जमिनीत चुना टाका, असं त्यांनी सांगितलं. तो टाकावा का, आणि यंदा सुरुवात कधी करावी, हे तुम्हाला हवं आहे.

चुना टाकू नका. मेव्हणे त्यांच्या जागी बरोबर आहेत. तिकडे या पिकांच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट नावाचा रोग आहे. तो आम्लधर्मी, ओल्या जमिनीत फोफावतो आणि एकदा शिरला की वर्षानुवर्षं मातीत राहतो. चुना टाकून सामू (पीएच) ७ च्या वर नेला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून तिकडचा प्रत्येक बागवाला कोबीआधी चुना टाकतो. आपली काळी जमीन मुळातच ८ च्या आसपासच्या सामूची, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही वर. हातभर खणलं की चुनखडीचे पांढरे खडे लागतात ते उगाच नाही. अशा जमिनीत आणखी चुना गेला की लोह, जस्त, बोरॉन आणि स्फुरद (फॉस्फरस) मातीत असूनही झाडाला उचलता येत नाहीत. एकदा माती तपासून घ्या. सामू, क्षारता आणि मुक्त चुना एवढे तीन आकडे हातात असले तरी पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता मूळ मुद्दा. सोलापुरात कोबीवर्गीय भाजी बिघडते ती बहुतेक वेळा खत किंवा औषध कमी पडलं म्हणून नाही, तर तारीख चुकली म्हणून. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी. त्यातही रात्री साधारण १५-१६ अंश, मधल्या काही कडाक्याच्या रात्री १०-१२, आणि दुपारी ३० च्या घरात. फेब्रुवारी संपताना पारा पस्तिशी गाठतो आणि मार्चात तर भाजी शिजायचीच बाकी राहते. म्हणजे गड्डा धरण्याजोगे दिवस जेमतेम दोन महिने. झाड वाढायला आधीचे दोन महिने लागतात आणि रोप तयार व्हायला त्याआधीचा एक. हे मागे मोजत गेलात की बी टाकायची वेळ येते गणपतीच्या सुमारास. दिवाळीच्या फराळानंतर बागेची आठवण झाली तर फ्लॉवरची पहिली गाडी चुकलेली असते.

फ्लॉवरचं हे तापमानाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमच्या लिंबाएवढ्या गड्ड्यांचं उत्तर त्यातच आहे. फ्लॉवरचं बी भारतात इंग्लंडहून १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. मैदानी उष्ण हवेत पिढ्यान्‌पिढ्या बी धरत गेल्यावर त्यातून उष्णता सोसणारे आपले लवकर येणारे प्रकार तयार झाले. आज जे बी मिळतं त्यात म्हणून स्पष्ट गट आहेत. लवकर येणाऱ्या गटाला, म्हणजे पुसा दीपाली, अर्ली कुंवारी वगैरे, गड्डा धरायला २० ते २५ अंशांच्या आसपासची हवा चालते. मधल्या गटाला १६ ते २० लागतं. उशिराच्या स्नोबॉल गटाला १० ते १६ अंश हवेत, आणि तेही बरेच दिवस सलग. स्नोबॉल दिसायला देखणा, पांढराशुभ्र आणि घट्ट. त्याचं बी हिमाचलच्या कुलू खोऱ्यात तयार होतं, यावरूनच त्याला काय हवं ते कळतं. सोलापुरात त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या वर्षी साधतो, पण एरवी नुसती पानं वाढतात, नाहीतर गड्डा सुटा आणि दाणेदार होतो.

तुमच्या फ्लॉवरला दोन गोष्टी नडल्या असाव्यात. डिसेंबरात बाजारात जी रोपं उरलेली असतात ती बहुधा निबर झालेली असतात. देठ लाकडी, खालचं पान पिवळं, मुळं ट्रेमध्ये गोल गोल फिरलेली. असं रोप लावलं की ते वाढायचं सोडून घाईनं फूल धरतं. दुसरं म्हणजे ती लवकर येणाऱ्या गटातली असतील, तर लावल्या लावल्या थंडी मिळाल्यावर पाच-सहा पानांवरच त्यांनी गड्डा धरला. एकदा बटणाएवढा गड्डा दिसला की मग कितीही युरिया टाका, तो वाढत नाही, कारण त्याला पोसणारी पानंच खाली नसतात. फ्लॉवरचं वजन ठरतं ते गड्डा दिसण्याआधी झाडाला किती मोठी पानं आली यावर. हाताच्या पंजाहून मोठी पंधरा-वीस पानं झाली असतील तर गड्डा चांगला पोसणार.

यंदाच्या तारखा अशा धरा. रोपांसाठी पहिलं बी १० ते १५ सप्टेंबरला. लावणी हस्ताचा पाऊस आटोपला की, १० ते १५ ऑक्टोबरला. सप्टेंबर हा आपला खात्रीचा पावसाचा महिना. काळ्या जमिनीत त्या वेळी कोवळं रोप लावलं की पाणी तुंबून मुळं कुजतात. लवकर येणारा फ्लॉवर आणि गोल्डन एकरसारखा लहान गड्ड्याचा कोबी या पहिल्या लावणीत घ्या. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढणी सुरू होते. दुसऱ्या लावणीचं बी ऑक्टोबरच्या मध्याला आणि लावणी नोव्हेंबरच्या मध्याला. त्यात मधल्या गटातला फ्लॉवर, ब्रोकोली आणि थोडा कोबी. हा माल सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर, जानेवारीच्या अखेरीपासून निघतो. त्यानंतर कोबी-फ्लॉवर लावू नका. नवलकोल आणि मुळा मात्र डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतो, कारण नवलकोल लावणीपासून ४५ ते ५५ दिवसांत आणि मुळा पेरणीपासून ४०-४५ दिवसांत मोकळा होतो. दुकानात बी घेताना नावापेक्षा पाकिटावर लावणीचे महिने कोणते दिलेत ते वाचा. दुकानदाराला ‘चांगलं बी द्या’ म्हणण्याऐवजी ‘ऑक्टोबरच्या लावणीचं द्या’ म्हणा. तो आपोआप वेगळं पाकीट काढतो.

रोपं घरी करा, एवढा आग्रह मी नक्की धरेन. मी स्वतः रोपवाटिका चालवते, तरीही सांगते. एक ग्रॅम बियाण्यात अडीचशे-तीनशे दाणे असतात, म्हणजे तुमच्या जागेला प्रत्येक जातीचे चिमूटभर पुरे. ९८ कप्प्यांचा ट्रे आणि कोकोपीट घ्या. एका कप्प्यात एकच दाणा, अर्धा सेंटिमीटर खोल. चार-पाच दिवसांत उगवतं. उगवलं की त्याच दिवशी उजेडात आणा. सावलीत राहिलेलं रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि मग कोलमडतं. वरून बारीक जाळी टाका, ४० मेशची असली तर उत्तम. ट्रे नको असेल तर जमिनीवर गादीवाफा करा, पण त्या जागेला एप्रिल-मेमध्ये पाणी देऊन पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून ठेवा, कडा मातीनं बुजवून, चार ते सहा आठवडे. आपल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाचा एवढा सरळ फायदा दुसरा नाही. वरच्या थरातल्या रोगाच्या बुरश्या आणि तणाचं बी त्यात भाजून निघतं. पाणी देताना बोअरचं पाणी मचूळ असेल तर रोपांना ते देऊ नका. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं द्या. या पिकांत क्षार सोसायची ताकदही सारखी नाही. ब्रोकोली त्यातल्या त्यात सोसते, कोबी कमी, आणि मुळा व सलगम सगळ्यात आधी मान टाकतात.

रोप २२ ते २८ दिवसांचं, चार-पाच पानांचं, पेन्सिलीपेक्षा बारीक देठाचं असताना लावायचं. लावायच्या आधी चार दिवस पाणी थोडं तोडा म्हणजे ते कणखर होतं. आणि प्रत्येक रोपाच्या मधोमध शेंड्याकडे बघा. शेंडा नसेल, किंवा तिथे बारीक जाळं आणि विष्ठा दिसत असेल, तर ते रोप टाकून द्या. गड्डा पोखरणारी अळी शेंडा खाऊन गेली की त्या झाडाला एक गड्डा येत नाही, येतात ते चार-पाच बारके फुटवे.

आता जागा. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट बाय साडेसोळा फूट. त्यात रुंदीच्या दिशेनं १६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असे सात गादीवाफे बसतात, मध्ये दीड-दीड फुटाच्या वाटा. वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा. काळी माती पाणी धरते, तापली की भेगाळते आणि पायाखाली दाबली गेली की दगड होते. म्हणून वाफ्यावर पाय द्यायचा नाही, आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय खुरपं लावायचं नाही. मातीचा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकला आणि तो फुटून विखुरला की वाफसा आहे. चिकटून तसाच राहिला तर दोन दिवस थांबा.

सातपैकी कोबीवर्गाला दरवर्षी दोनच वाफे द्या, पुढच्या वर्षी पुढचे दोन, त्याच्या पुढच्या वर्षी त्यापुढचे. म्हणजे एका वाफ्यावर हे कुळ तिसऱ्या वर्षानंतरच परत येतं. सातवा वाफा रोपांसाठी आणि कोथिंबिरीसाठी ठेवा. इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. कोबी-फ्लॉवर फिरवतात, पण मुळा, मोहरी, सलगम आणि अळीव कुठेही टाकतात. ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यावर तीच अळी येते आणि तोच घाण्या (ब्लॅक रॉट) रोग. मुळ्याचा वाफाही या हिशेबात धरलाच पाहिजे. कोबीच्या आधी त्या वाफ्यात पावसाळ्यात मूग किंवा चवळी घ्या. नाहीतर जूनमध्ये ताग दाट पेरून फुलावर येताना, साधारण सहा आठवड्यांनी, कापून मातीत गाडा. कोबीवर्ग नत्राचा (नायट्रोजनचा) खादाड आहे आणि तागानं त्याची निम्मी सोय फुकटात होते. कोबीनंतर कांदा-लसूण किंवा वांगी-टोमॅटो घ्या.

एका वाफ्यावर दीड-दीड फुटावर दोन ओळी धरल्या तर वीस-एकवीस झाडं मावतात. पहिल्या लावणीच्या वाफ्यात दहा कोबी आणि दहा फ्लॉवर, दुसऱ्यात दहा ब्रोकोली आणि उरलेल्यात कोबी-फ्लॉवर. चौघांच्या घराला आठवड्याला एक कोबी आणि एक फ्लॉवर खूप झाला. सगळी रोपं एका दिवशी लावली की सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात आणि नेमका तेव्हाच लक्ष्मी मार्केटात कोबी मातीमोल असतो. दोन ओळींच्या मध्ये जी रिकामी पट्टी राहते तिथे लावणीच्या दिवशीच मुळा टोचा. कोबीची पानं मिळायच्या आत तो उपटून होतो. नवलकोल वाफ्याच्या कडेला, वीतभर अंतरावर लावा.

खताचा हिशेब वाफ्यावर सांगते, म्हणजे गोंधळ नको. या पिकांना हेक्टरी साधारण १५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद आणि ७५ किलो पालाश लागतं. तुमच्या एका वाफ्याला ते बसतं युरिया सगळा मिळून १५० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २०० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ५५ ग्रॅम. त्याआधी चांगलं कुजलेलं शेणखत दोन मोठी घमेली. सुपर फॉस्फेटच घ्या, डीएपी नको, कारण सुपरमध्ये गंधक येतं आणि कोबी-मोहरीच्या कुळाला गंधक जास्त लागतं. यांचा तो उग्र वास आणि तिखटपणा गंधकाच्या संयुगांचाच. सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया लावणीला, उरलेला युरिया महिन्यानं दोन हप्त्यांत, झाडाच्या बुडापासून चार बोटं लांब, मातीत मिसळून. तेव्हाच खुरपणी करून झाडाच्या बुडाशी मातीची भर द्या. रासायनिक खत नकोच असेल तर शेणखत दुप्पट करा आणि महिन्याला निंबोळी पेंड मूठ-मूठ द्या. गड्डा थोडा लहान येईल, पण येईल. युरिया वाढवण्याचा मोह मात्र टाळा. पानं निळीहिरवी, लुसलुशीत झाली की मावा तिथेच आधी बसतो. शिवाय फ्लॉवरचा देठ आतून पोकळ होतो.

देठ पोकळ होण्याला दुसरंही कारण आहे, बोरॉनची कमतरता, आणि चुनखडीच्या जमिनीत ती हमखास भेटते. फ्लॉवर चिरल्यावर मधला देठ पोकळ असून आतून तपकिरी, पाणथळ डाग असतील, गड्ड्यावरही गंजासारखे ठिपके असतील, तर ते बोरॉनच. नुसता स्वच्छ पांढरा पोकळ देठ असेल तर झाड फार भराभर वाढलं एवढंच. फवारणीचा २० टक्के बोरॉन लिटरला एक ग्रॅम, लावणीनंतर तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी, पुरे. बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात, म्हणून ‘थोडं जास्तीचं’ टाकू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, चिलेटेड लोह फवारा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र.

लावणी संध्याकाळी करा, लगेच पाणी द्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. आठवड्यानं मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून नांग्या भरून घ्या. ठिबक असेल तर प्रत्येक ओळीला एक नळी टाका. बोअरचं पाणी जड असल्यानं तोट्यांवर पांढरा थर चढतो, तो अधूनमधून साफ करावा लागतो. नळाचं पाणी रोज येत नसेल तर टाकीत साठवून द्या. या पिकाला रोज भरपूर नको, पण ताण चालत नाही. विशेषतः गड्डा धरताना वाफा सुकवला आणि मग एकदम भिजवला की कोबी तडकतो. ज्वारीचा कडबा किंवा उसाचं पाचट बारीक करून वाफ्यावर चार बोटं जाड अंथरलं की पाण्याच्या पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं आणि काळ्या मातीला भेगा पडत नाहीत. कोबी काढायला तयार आहे पण घरात आधीचा पडून आहे, अशा वेळी गड्डा दोन्ही हातांनी धरून झाड अर्धं पिळा. काही मुळं तुटतात, पाणी ओढणं कमी होतं आणि गड्डा न तडकता आठवडाभर तरी उभा राहतो.

आता भोकं. कोबीवर मुख्य शत्रू चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पतंग जेमतेम नखाएवढा, करड्या रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनांची माळ दिसते. अळी बारीक, हिरवट, दोन्ही टोकांना निमुळती. पान उलटं करून तिला काडी लावा. ती वळवळत मागे सरकते आणि सुताला लोंबकळत खाली उतरते. कोबीवरची दुसरी अळी सहसा असं करत नाही, त्यामुळे ओळखायला ही खूण चांगली. लहान अळी पान आरपार खात नाही, खालून खरवडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. उजेडात धरलं तर पानावर काचेच्या बारीक खिडक्या दिसतात. पुढे तोच पापुद्रा फाटून भोकं होतात. म्हणजे भोकं दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. खिडक्या दिसल्या तेव्हाच कामाला लागायचं.

या किडीचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. डीडीटीला दाद न देणारी पिकावरची पहिली कीड म्हणून हिचीच नोंद १९५३ साली जावा बेटावर झाली. तेव्हापासून जे जे औषध आलं ते तिनं काही वर्षांत पचवलं. म्हणून ‘जालीम औषध सांगा’ या विनंतीला मी उत्तर देत नाही. घरच्या वीस-तीस झाडांना ते लागतही नाही. पहिली गोष्ट मोहरी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ही पद्धत बसवली. कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी पेरलेली, दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी आवडते, तो अंडी तिथे घालतो. तुम्हाला वाफ्याच्या दोन्ही टोकांना हातभर पट्टी पुरे. पण मोहरी पेरून तिकडे बघायचंच नाही असं केलं तर ती सापळा न राहता किडीची रोपवाटिका होते. औषध मारायचं ते मोहरीवर आधी.

दुसरी गोष्ट निंबोळी अर्क. पाच टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. तिसरी गोष्ट बॅसिलस थुरिंजिएन्सिस, दुकानात बीटी म्हणून मिळतं, लिटरला दोन ग्रॅम. हे जिवाणू अळीच्या पोटात जावे लागतात, म्हणून पानाच्या खालच्या बाजूला फवारा, आणि सूर्यप्रकाशात ते टिकत नाहीत म्हणून संध्याकाळीच. आणखी एक बारकावा. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे साधा फवारा थेंब होऊन घरंगळून जातो. पंपात चिकट द्रव घाला, किंवा अंगाच्या साबणाचं थोडं पाणी. पान सारखं ओलं झालेलं दिसलं पाहिजे. एवढं न केल्यामुळे चांगली औषधं वाया गेलेली मी फार पाहिली आहेत. दर आठवड्याला एकदा सकाळी चहा घेता घेता पानं उलटून पाहा. तीस झाडांच्या अळ्या हातानं चिरडायला पंधरा मिनिटं लागतात आणि त्यासारखं औषध नाही.

मावा येतो ढगाळ हवेत, डिसेंबर अखेरीस. पानं आतल्या बाजूला वळतात, गड्ड्याच्या बेचक्यात राखाडी थर दिसतो. सुरुवातीलाच त्यावर पाण्याची जोरदार धार मारा, नंतर निंबोळी अर्क. चितळासारखे ठिपके असलेले लाल भुंगे आणि त्यांच्या काळ्या अळ्या माव्यावर फिरताना दिसल्या तर काहीच फवारू नका, त्या तुमचं काम करत आहेत.

रोगांत एकच गंभीर, घाण्या. पानाच्या कडेपासून आत टोक असलेला पिवळा त्रिकोण, आणि त्यातल्या शिरा काळ्या. देठ आडवा कापला तर आत काळं कडं. यावर नंतर इलाज नाही. रोग बियाण्यातून येतो आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो, म्हणून खात्रीचं बी, वाफ्यांची फेरपालट, आणि पानांवरून पाणी न घालता बुडाशी घालणं एवढंच हातात आहे. असं झाड दिसलं की मुळासकट उपटून बाहेर न्या, खतात टाकू नका.

काढणीत फ्लॉवरचं ऊन सांभाळा. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचंच एक पान मोडून वर टाका, किंवा पानं वर घेऊन सुतळीनं सैल बांधा. आपल्या उन्हात उघडा गड्डा दोन दिवसांत पिवळा पडतो. बांधल्यावर चार-पाच दिवसांत कापा. घट्ट आहे तोवरच. कडेनं सुटायला लागला की उद्याची वाट पाहू नका. नवलकोल टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढायचा, मोठा केला तर आत दोर धरतो. त्याची कोवळी पानं डाळीत घालून भाजी करा, मेथीइतकी रुचकर होते.

ब्रोकोलीला माझ्या मते तुमच्यासारख्या जागेत कोबीपेक्षा जास्त वाफा द्यावा. मधला गड्डा कळ्या हिरव्या आणि मिटलेल्या असतानाच, पाच-सहा इंच देठासह तिरका कापा. तिरका अशासाठी की कापाच्या जागी पाणी साचून देठ कुजू नये. झाड ठेवा, थोडा युरिया आणि पाणी द्या. पानांच्या बेचक्यांतून लिंबाएवढे गड्डे येत राहतात आणि थंडी असेपर्यंत एक झाड महिनाभर भाजी देतं. कोबीचा गड्डा कापल्यावर खुंटाला येणारे फुटवे मात्र राखत बसू नका. महाशिवरात्रीच्या आसपास ऊन चढलं की उरलेले सगळे खुंट मुळासकट उपटा, शेळ्या-गाईंना घाला. शेतात उभे राहिलेले खुंट म्हणजे मावा आणि पतंगाला उन्हाळाभर पोसणं. वाफे खणून ढेकळं तशीच तापू द्या. भेंडी-गवार करायची असेल तर ती कोबीच्या नव्हे, शेजारच्या वाफ्यांत टाका, म्हणजे कोबीच्या वाफ्यांना पाऊस येईपर्यंत पूर्ण ऊन मिळेल.